दहा गुंठ्यांची बाजू किती?



मागच्या पावसाळ्याआधी ट्रॉम्बेला पालेभाजीसाठी १० गुंठ्यांचा चौरस तुकडा खंडाने घेतला. शेळ्या आत शिरायच्या, म्हणून कडेने जाळी मारायचं ठरवलं. हिशोब तोंडीच केला. १ गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. त्याच्या चार बाजूंना १३२ फूट जाळी. मग १० गुंठ्यांना १,३२० फूट! तेवढी घेऊन आलो. लागली फक्त ४१८ फूट. ९०२ फूट उरली, आणि कापलेला माल कोण परत घेतो? ज्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात टॅग-२४ भुईमुगासारखे वाण तयार झाले, तिथे माझं साधं गणित फसलं.

चूक अशी की क्षेत्र दहापट झालं म्हणून बाजू दहापट होत नाही. ४ गुंठ्यांची बाजू ६६ फूट, म्हणजे दुप्पट. ९ गुंठ्यांची ९९ फूट, म्हणजे तिप्पट. तेव्हा १० गुंठ्यांची ९९ च्या जरा वर. नेमकी किती, हे काढायचं तर वर्गमूळ लागतं. शाळेत शिकलो होतो, शेतात आठवलं नाही.

मग जुने लोक काय करत होते, ते बघू लागलो.

शिवकाळात जमीन काठीने मोजायचे. काठी पाच हात पाच मुठींची. २० चौरस काठ्यांचा एक पांड, २० पांडांचा एक बिघा. म्हणजे बिघा ४०० चौरस काठ्या आणि चौरस बिघ्याची बाजू बरोब्बर २० काठ्या. मोजणाऱ्याला मूळ काढायची गरजच नाही, ते मापातच बसवलेलं.

इंग्रजांच्या अमलात १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूरपासून नवी मोजणी सुरू केली. आपल्याकडची मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा, ४० गुंठ्यांचा एकर. इथेही तेच, गुंठ्याची बाजू साखळीच सांगते.

पण १० गुंठे, २७ गुंठे असं काही आलं की माप मदत करत नाही. त्यासाठी रीत आपल्याकडे केव्हाची आहे. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये दिली, आणि भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त. त्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला. त्याचा १२०७ चा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे.

त्या रीतीने माझी १० गुंठे जमीन बघा. १० गुणिले १,०८९, म्हणजे १०,८९० चौरस फूट. उजवीकडून दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडा: १ । ०८ । ९०.

पहिल्या १ चं मूळ १. बाकी शून्य.
०८ खाली घ्या. मुळाची दुप्पट २. पुढचा अंक १ धरला तर २१ एके २१, ८ मधून जात नाहीत. म्हणून ०. मूळ झालं १०.
९० खाली घ्या, झाले ८९०. दहाची दुप्पट २०. पुढचा अंक ४ धरा: २०४ चोक ८१६. बाकी ७४.
मूळ १०४. बाकी ७४ ला १०४ च्या दुपटीने, २०८ ने भागा: साधारण ०.३६.

म्हणजे बाजू १०४ फूट ४ इंच. चार बाजू मिळून ४१७ फूट ४ इंच. कोपऱ्यात बांधायला थोडी जादा धरून ४१८. हेच गणित दुकानात जायच्या आधी केलं असतं तर?

मोबाईल असेल तर आणखी सोपं. गुंठ्यांचं वर्गमूळ काढा, ३३ ने गुणा. १० चं मूळ ३.१६२, बाजू १०४.३५ फूट. आता सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतं. १ आरची बाजू १० मीटर, गुंठ्याची १० मीटर ६ सेंटिमीटर. तिथे आरांचं मूळ काढून १० ने गुणा, बाजू मीटरमध्ये येते.

एक सांभाळा. चारी बाजू सारख्या आल्या म्हणजे जागा चौरस झाली असं नाही. कोपरे तिरपे असतील तर बाजू तेवढ्याच राहून क्षेत्र कमी भरतं. म्हणून दोरी कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्हीकडून लावा. दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. १० गुंठ्यांना कर्ण साधारण १४७ फूट ७ इंच. खंडाने जागा घेताना, भावाभावांत वाटणी करताना हे आधी तपासा. पैसे क्षेत्राचे देतो, पण मोजून घेतो बाजूच.

उरलेली जाळी अजून गुंडाळून ठेवली आहे. रोज दिसते, आणि ३३ चा पाढा आठवतो.

तुमच्याकडे काठी, बिघा, पांड अजून कुणी बोलतं का? काठी किती फुटांची धरतात, तेही कळवा.