वंध्यत्व : तज्ज्ञाचा सल्ला केव्हा घ्यावा

कोणतेही गर्भनिरोधक साधन न वापरता नियमित शरीरसंबंध ठेवूनही बारा महिन्यांत दिवस न राहणे, या अवस्थेला वैद्यकात वंध्यत्व म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या हीच आहे. साहाय्यित जननतंत्रज्ञानाचे नियमन करणाऱ्या 2021 च्या भारतीय कायद्यातही एक वर्षाचीच मुदत धरलेली आहे. एकदाही गर्भ राहिला नसेल तर ते प्राथमिक वंध्यत्व आणि पूर्वी राहिला असून पुन्हा राहत नसेल तर द्वितीयक वंध्यत्व. संघटनेच्या 2023 च्या अहवालानुसार जगात दर सहा प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी या अडचणीला तोंड द्यावे लागते. वंध्यत्व हे जोडप्याचे निदान आहे, एकट्या बाईचे नव्हे. जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोष हे एकमेव किंवा जोडीचे कारण असते. म्हणून तज्ज्ञाकडे पहिल्या दिवसापासून दोघांनी मिळून जावे.

एक वर्षाची मुदत : स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडल्यावर 12 ते 24 तास टिकते, तर शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. त्यामुळे एका पाळीचक्रात गर्भधारणेला अनुकूल असे जेमतेम सहा दिवस मिळतात. तरुण आणि निरोगी जोडप्यातही एका चक्रात दिवस राहण्याची शक्यता साधारण 20 ते 25 टक्के असते. वर्षभरात मात्र अशा सुमारे 85 टक्के जोडप्यांना गर्भ राहतो. पस्तिशीच्या आतील स्त्रीची पाळी नियमित असेल आणि दोघांना कोणताही ज्ञात आजार नसेल, तर वर्ष पूर्ण होईपर्यंत तपासण्यांची घाई करण्याचे कारण नसते. दर दोन-तीन दिवसांनी संबंध आला तरी पुरते. तारखा मोजून ताण वाढवण्याची गरज नाही.

हे वर्ष लग्नाच्या तारखेपासून मोजायचे नसते. गर्भनिरोधन थांबवून दोघे नियमित एकत्र राहू लागले, तेव्हापासून ते सुरू होते. मुंबईच्या उपनगरांत हा फरक फार महत्त्वाचा ठरतो. अंधेरीच्या सीप्झमध्ये किंवा विमानतळावर एकाची रात्रपाळी आणि दुसऱ्याची सकाळची गाडी असेल, नवरा सहा महिने जहाजावर असेल, किंवा एकाच खोलीत सासू-सासरे आणि धाकटा दीर राहत असल्याने एकांतच मिळत नसेल, तर ते महिने हिशेबात धरता येत नाहीत. डॉक्टरांना ही परिस्थिती संकोच न करता सांगावी. नाहीतर मुळात नसलेल्या दोषावर उपचार सुरू होण्याचा धोका असतो. मात्र वेदनेमुळे, भीतीमुळे किंवा लिंगाला ताठरता न आल्यामुळे संबंधच होत नसेल, तर एक दिवसही थांबू नये. ती तक्रार स्वतःच तपासणीचे कारण आहे आणि बहुतेकदा उपचारांनी सुटणारी आहे.

वयाचा निकष : स्त्रीचे वय 35 किंवा अधिक असेल तर सहा महिने प्रयत्न करून तज्ज्ञाकडे जावे. चाळिशी उलटली असेल तर मूल हवे असे ठरताच जावे. जन्माच्या वेळी मुलीच्या अंडाशयांत 10 ते 20 लाख बीजे असतात. पाळी सुरू होईपर्यंत ती तीन-चार लाखांवर येतात आणि नवी तयार होत नाहीत. साधारण 37 नंतर घट वेगाने होते, शिवाय बीजाची प्रत खालावल्याने गर्भपाताचे प्रमाण वाढते. रक्तातील एएमएच या संप्रेरकावरून उरलेल्या बीजांच्या संख्येचा अंदाज येतो, प्रतीचा नाही. त्यामुळे अहवाल चांगला आला म्हणून चाळिशीतील स्त्रीने निर्धास्त राहू नये आणि अहवाल कमी आला म्हणून पंचविशीतील स्त्रीने धीर सोडू नये.

मुदतीची वाट न पाहण्याची कारणे : पुढीलपैकी काहीही असल्यास वय कितीही असो, लगेच सल्ला घ्यावा. स्त्रीच्या बाबतीत पाळी 21 दिवसांच्या आत किंवा 35 दिवसांपलीकडे येणे अथवा मुळीच न येणे, पाळीत किंवा संबंधाच्या वेळी असह्य वेदना, ओटीपोटातील जंतुसंसर्ग, फुटलेले अपेंडिक्स किंवा गर्भनलिकेत राहिलेला गर्भ असा इतिहास, अंडाशयावरील शस्त्रक्रिया, दोन किंवा अधिक गर्भपात, आई किंवा बहिणीची पाळी चाळिशीच्या आत कायमची जाणे, कर्करोगावरील औषधे किंवा किरणोपचार. क्षयरोगाचा उल्लेख वेगळा करायला हवा. जननेंद्रियांचा क्षय हे भारतात नळ्या बंद होण्याचे एक महत्त्वाचे कारण असून त्यात खोकला किंवा ताप असतोच असे नाही. लहानपणी स्वतःला किंवा घरातील कोणाला टीबी झाला असेल तर ते आठवणीने सांगावे.

पुरुषाच्या बाबतीत वृषण खाली न उतरणे, वयात आल्यावर गालगुंड होऊन वृषणाला सूज येणे, वृषणाला मार लागणे, जांघेतील शस्त्रक्रिया, वृषणाच्या शिरा फुगणे आणि कर्करोगोपचार ही कारणे महत्त्वाची आहेत. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने शुक्रजंतूंची निर्मिती जवळजवळ बंद पाडू शकतात. ती पौरुष वाढवतात या समजुतीने तरुण ती घेत राहतात, म्हणून डॉक्टरांना त्याविषयी स्पष्ट सांगणे आवश्यक असते.

पहिली भेट व तपासण्या : सुरुवात जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे करता येते. जाताना मागील सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, जुन्या सोनोग्राफी, शस्त्रक्रियांचे कागद आणि चालू औषधांची नावे न्यावीत. स्त्रीसाठी योनीमार्गे सोनोग्राफी, थायरॉइड व प्रोलॅक्टिनच्या चाचण्या, गरजेनुसार पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची संप्रेरके आणि नळ्या मोकळ्या आहेत का हे दाखवणारा एक्स-रे अशा तपासण्या होतात. हा एक्स-रे पाळी थांबल्यावर आणि बीज बाहेर पडण्यापूर्वी काढतात. दुर्बिणीची तपासणी सरसकट प्रत्येकीला लागत नाही.

पुरुषाची वीर्यतपासणी स्वस्त, वेदनारहित आणि सर्वांत आधी करण्याजोगी आहे. तरीही स्त्रीच्या सगळ्या तपासण्या उरकल्यावरच नवऱ्याची चिठ्ठी लिहिली जाते, असे अनेकदा घडते. यात स्त्रीला विनाकारण त्रास होतो आणि मोलाचे महिने वाया जातात. तपासणीपूर्वी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन झालेले नसावे. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. घरून न्यायचा असेल तर रुंद तोंडाच्या निर्जंतुक डबीत, खिशात अंगाच्या उबेला ठेवून, एका तासाच्या आत पोहोचवावा लागतो. मुलुंडहून निघून जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर अडकलेला नमुना अंधेरीत पोहोचेपर्यंत निरुपयोगी ठरू शकतो, म्हणून घराजवळची प्रयोगशाळा निवडावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या नियमावलीनुसार एका मिलिलिटरमध्ये 1.6 कोटी शुक्रजंतू आणि एकूण 42 टक्के हालचाल या संदर्भासाठीच्या किमान पातळ्या आहेत. त्याखाली आकडा आला म्हणजे मूल होणारच नाही, असा अर्थ होत नाही. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून दोष आढळल्यास काही आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात.

मुलुंड आणि घाटकोपर भागात कच्छी भानुशाली, लोहाणा व सिंधी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. या समाजांत बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचे प्रमाण तुलनेने जास्त आढळते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला गंभीर थॅलेसेमिया होण्याची शक्यता 25 टक्के असते. त्यामुळे उपचारांपूर्वीच ही रक्ततपासणी करून घेणे हिताचे ठरते. तंबाखू, मिश्री, सिगारेट व मद्य सोडणे, वजन आटोक्यात आणणे आणि स्त्रीने गर्भधारणेपूर्वीच रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल सुरू करणे, ही तयारी सर्वांसाठी आहे.

वंध्यत्वतज्ज्ञाकडे केव्हा वळावे : बीज तयार होण्यासाठी गोळ्या घेऊन तीन ते सहा चक्रांत यश आले नाही, दोन्ही नळ्या बंद निघाल्या, शुक्रजंतू फार कमी किंवा शून्य आढळले, तीव्र एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) असला किंवा स्त्रीचे वय 35 च्या पुढे असले, तर साध्या उपचारांत वेळ न दवडता वंध्यत्वतज्ज्ञाकडे जावे. वीर्यातील दोषासाठी मूत्रविकारतज्ज्ञही लागतो. पुढील उपचारांत शुद्ध केलेले शुक्रजंतू गर्भाशयात सोडणे, म्हणजे आययूआय, आणि शरीराबाहेर फलन घडवणे, म्हणजे आयव्हीएफ, हे मुख्य टप्पे आहेत. प्रत्येक जोडप्याला आयव्हीएफ लागत नाही, आणि त्यात यशाची हमी कोणीही देऊ शकत नाही. हमखास मूल अशी जाहिरात दिसली तर सावध राहावे.

मुंबईतील सोयी : जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म 1978 च्या जुलैमध्ये इंग्लंडमध्ये झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनीही हे साधले, पण त्यांना मान्यता मृत्यूनंतर मिळाली. मुंबईत 6 ऑगस्ट 1986 रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी या पद्धतीने एका मुलीचा जन्म झाला. परळमधीलच प्रजनन संशोधन संस्था आणि तिचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार या कामात सहभागी होते. म्हणजे या उपचाराची शहरातील मुळे पालिकेच्या रुग्णालयात आहेत. उपनगरांत बहुतेक आयव्हीएफ केंद्रे खासगी आहेत. प्राथमिक तपासण्यांसाठी मात्र घाटकोपरचे राजावाडी, विलेपार्ल्याचे कूपर अशा पालिका रुग्णालयांचे स्त्रीरोग विभाग खुले आहेत. राज्य शासनाच्या कामा रुग्णालयात 2024 मध्ये आयव्हीएफ केंद्र सुरू झाले.

कायदा : साहाय्यित जननतंत्रज्ञानाचा 2021 चा कायदा जानेवारी 2022 पासून लागू असून त्यानुसार असे उपचार देणाऱ्या प्रत्येक केंद्राची नोंदणी बंधनकारक आहे. उपचारासाठी स्त्रीचे वय 21 ते 50 आणि पुरुषाचे 21 ते 55 या मर्यादेत असावे लागते. दात्याचे बीज किंवा वीर्य नोंदणीकृत बँकेमार्फतच घेता येते आणि दोघांची लेखी संमती लागते. गर्भलिंगनिवड हा गुन्हा आहे. महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा कायदा 1988 मध्येच, देशपातळीवरील कायद्याच्या आधी केला होता. केंद्राचे नोंदणीपत्र पाहणे आणि एकूण खर्चाचा लेखी अंदाज मागणे हा जोडप्याचा हक्क आहे.

मानसिक व सामाजिक बाजू : लग्नानंतर वर्षभरातच ‘गोड बातमी कधी?’ असे विचारले जाऊ लागते आणि उत्तराचा भार बहुधा सुनेवर पडतो. अंगारे-धुपारे, नवस आणि ओळखीच्या वैद्याचे काढे यांत वर्षे निघून जातात. श्रद्धा ज्याची त्याने जपावी, पण तिच्यापायी तपासणी लांबवू नये. उपचार किती फेऱ्यांपर्यंत आणि किती खर्चापर्यंत करायचे, हे दोघांनी आधीच ठरवावे आणि गरज वाटल्यास समुपदेशकाची मदत घ्यावी. उपचार थांबवणे, केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाकडे नोंदणी करून मूल दत्तक घेणे किंवा मुलाविना संसार करणे, हे तिन्ही सन्मानाचे निर्णय आहेत.