हिब्रू धर्मग्रंथाची मराठी भाषांतरे

यहुद्यांचा ‘तनाख’ आणि प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा ‘जुना करार’ यांतील ग्रंथ तेच, क्रम मात्र निराळा. तनाख ‘इतिहास’ या ग्रंथाने, म्हणजे यरुशलेमला परतण्याच्या आवाहनाने संपतो. जुना करार मलाखीने, एलिया संदेष्टा येणार या आशेवर. मराठीत हा ग्रंथ मिशनऱ्यांनी आणला, त्यामुळे दुसरा क्रमच वाचकांच्या अंगवळणी पडला.

सेरामपूरला विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने हे काम सुरू केले. पुढे मुंबईत अमेरिकन मिशनने नवी भाषांतरे केली. पंडिता रमाबाईंना प्रचलित भाषांतर फार संस्कृतप्रचुर वाटे. खेड्यातल्या बाईला समजेल असे बायबल हवे, म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि त्यांनी स्वतः भाषांतर केले. केडगावच्या मुक्ती मिशनमधील स्त्रियांनीच त्याची छपाई केली. रमाबाई १९२२ साली वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. मराठी गद्याच्या इतिहासात या कामाची दखल फार कमी घेतली गेली.

भाषांतराने अर्थ कसा वळतो, हे यशया ७:१४ मध्ये स्वच्छ दिसते. मुळातल्या ‘अल्मा’ शब्दाचा अर्थ वयात आलेली तरुणी. प्राचीन ग्रीक भाषांतराने तेथे ‘पार्थेनोस’ हा शब्द घातला, नव्या करारात मत्तयाने तोच उचलला आणि मराठीत ‘कुमारी’ आली. ख्रिस्ती वाचकाला येथे येशूचा जन्म दिसतो. यहुदी वाचक आहाज राजाच्या काळातलेच मूल पाहतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या वचनातला ‘रूआह’ वाराही होतो आणि आत्माही. मराठी बायबलात ‘आत्मा’ आहे. विसाव्या शतकातल्या अमेरिकन यहुदी भाषांतरात वारा आहे.

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाने स्वतःची वाट काढली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. वल्हांडण सणाला वाचायच्या ‘हग्गादा’ या ग्रंथाच्या, १८७४ साली पुण्यात छापलेल्या सचित्र आवृत्तीत हिब्रूबरोबर मराठी आहे, आणि चित्रांत बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या आहेत. मिसरातून सुटकेची कथा येथे कोणत्याही पुढच्या घटनेची पूर्वखूण म्हणून येत नाही. ती आपल्याच वाडवडिलांची आठवण असते. १८८० च्या सुमारास ही मंडळी बायबलातील कथांवर कीर्तनेही करू लागली.

जुना करार मराठीतून अभ्यासणाऱ्याने मिशनच्या भाषांतराशेजारी बेने इस्राएलांची ही पुस्तके ठेवून वाचावीत. एकाच भाषांतरावरून ‘बायबल असे सांगते’ म्हणणे उतावीळपणाचे ठरेल.