निषिद्ध निधी: साहसपटातील धर्मकथा

एकोणिसाव्या शतकातील साहसकथेचा निधी मोजता येणारा होता. रायडर हॅगार्डच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ (१८८५) या कादंबरीच्या शीर्षकात बायबलमधील राजा असला, तरी नायक परततात ते हिरे घेऊन. स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ (१९८१) या चित्रपटात हा संबंध पालटतो. येथील निधी म्हणजे इस्राएलांचा कराराचा कोश. त्यात डोकावलेले बेथ-शेमेशचे लोक मृत्यू पावले, असे शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात सांगितले आहे. चित्रपटातील नाझीही कोश उघडून पाहतात व मरतात. नायक वाचतो तो पराक्रमाने नव्हे, तर डोळे मिटून घेतल्याने. धर्मकथा येथे केवळ शोधवस्तू पुरवीत नाही. ती कथानकाचा शेवटही ठरविते.

‘लास्ट क्रुसेड’मधील (१९८९) पवित्र पात्र मुळात साहित्याचीच निर्मिती. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियँ द त्रॉयच्या काव्यात ते एक भोजनपात्र होते. पुढे रोबेर द बोरोंने त्याचा संबंध ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाशी जोडला. अपात्राला ते लाभत नाही, हा आर्थरकथांतील संकेत चित्रपटातही टिकून आहे.

‘टेंपल ऑफ डूम’मधील (१९८४) ‘शंकराच्या शिळा’ मात्र चित्रपटासाठीच कल्पिलेल्या. त्यांच्यामागे ग्रंथपरंपरा नसल्याने कथनाला आवरणारा निषेधही नाही. परिणामी, जिची उपासना आजही चालते ती काली केवळ नरबळीची देवता उरते. भारत सरकारच्या आक्षेपांमुळे चित्रीकरण श्रीलंकेत झाले.

धर्मकथेची बाजारवस्तू झाली, हा आक्षेप म्हणूनच अपुरा आहे. तिच्या मूळ निषेधाला कथनात अधिकार उरतो की नाही, हा खरा प्रश्न होय.