दुधाच्या दातांचा हिशेब



लेकराचा दुधाचा दात पडला की आपण काय करतो? कुणी कौलावर भिरकावतं, कुणी उंदराच्या बिळात टाकतं. आज ज्या बायांची गोष्ट सांगायची आहे, त्यांनी पडलेले दात पाकिटात घालून तपासणीला पाठवले. एकदोन नव्हे, तीन लाखांहून जास्त दात. ही गोष्ट अमेरिकेतल्या सेंट लुईस शहराची, 1958 सालची.

त्या काळी अमेरिका अणुबॉम्बच्या चाचण्या उघड्यावर करायची. 1951 पासून नेवाडाच्या वाळवंटातही स्फोट होऊ लागले. रशियाही मागं नव्हता. स्फोटाची धूळ आभाळात उंच जायची, वाऱ्यावर हजारो किलोमीटर फिरायची आणि पावसाबरोबर खाली यायची. सेंट लुईस नेवाडापासून दोन हजार किलोमीटरहून लांब, पण पाऊस काही हद्द बघून पडत नाही.

या धुळीत स्ट्रॉन्शियम-90 नावाचं किरणोत्सारी द्रव्य असायचं. त्याची खोड अशी, की शरीराला ते कॅल्शियमसारखंच वाटतं. पावसातून ते गवतावर पडलं, गवत गाईनं खाल्लं, गाईच्या दुधातून ते लेकराच्या पोटात गेलं आणि शरीरानं ते हाडात अन् दातात नेऊन बसवलं. तिथं ते वर्षानुवर्षं राहतं. त्याचा जोर निम्म्यावर यायलाच सुमारे 29 वर्षं लागतात. सरकारी आरोग्य खात्यानं काही शहरांतलं दूध तपासलं, तेव्हा सेंट लुईसच्या दुधात ते जास्त आढळलं. आता आईनं काय करावं? दूध पाजावं तर ही भीती, न पाजावं तर हाडं कशी भरणार?

विचारायचं कुणाला, तर अणुऊर्जा आयोगाला. पण बॉम्ब बनवणारा तोच, चाचण्या घेणारा तोच आणि लोकांना त्यापासून धोका आहे की नाही हे सांगणाराही तोच. आपल्या बचत गटात हिशेब लिहिणारीनंच हिशेब तपासला तर चालेल का? आयोगाचं म्हणणं होतं, प्रमाण किरकोळ आहे, घाबरू नका.

शहरातल्या काही शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी मिळून एक समिती काढली. बॅरी कॉमनर हे त्यातले एक. दाताची कल्पना अशी होती, की दुधाचा दात आईच्या पोटात असल्यापासूनच घडू लागतो. म्हणून सहा-सात वर्षांनी पडलेला दात म्हणजे त्या बाळंतपणाच्या काळातली नोंदवहीच. कुणाला सुई नको, की रक्त काढणं नको. या कामाची धुरा पहिली तीन वर्षं डॉ. लुईझ राईस या बाईंनी सांभाळली.

खरं काम मात्र घराघरातल्या आयांनी केलं. दातासोबत एक कार्ड भरायचं असे: बाळ कधी जन्मलं, पोटुशी असताना आई कुठं राहत होती, बाळ अंगावर पीत होतं की बाटलीनं. ज्या गोष्टी एरवी कुणी विचारत नाही आणि आईशिवाय कुणाला धड ठाऊक नसतात, नेमक्या त्याच इथं कामाच्या ठरल्या. आलेले दात निवडायला, नोंदायलाही बायकाच बसायच्या. दात देणाऱ्या पोराला छातीवर लावायला एक बिल्ला मिळे. आपला दात विज्ञानाला दिला, असं त्यावर लिहिलेलं असे. मला वाटतं, कितीतरी दात त्या बिल्ल्यापायीच आले असतील!

1961 साली पहिले निष्कर्ष छापून आले. नंतरची पोरं, तितकं दातातलं स्ट्रॉन्शियम जास्त. पुढं दिसलं की 1950 च्या सुमारास जन्मलेल्या मुलांपेक्षा 1963 च्या आसपास जन्मलेल्यांच्या दातात ते सुमारे 50 पट होतं. इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. दातात ते सापडलं म्हणजे पोर आजारी पडलंच, असं नाही. पण धूळ लेकरांच्या अंगात शिरली, हे आता कुणाला नाकारता येईना.

त्याच 1961 सालच्या 1 नोव्हेंबरला सुमारे 60 शहरांत हजारो बायका घरकाम, नोकरी सोडून चाचण्यांविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. 5 ऑगस्ट 1963 ला अमेरिका, रशिया आणि ब्रिटननं मॉस्कोत करार केला, की हवेत, पाण्याखाली आणि अंतराळात चाचण्या करायच्या नाहीत. जमिनीखाली करायला मोकळीक राहिली, तेवढी पळवाट ठेवलीच. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातातलं प्रमाण उतरत गेलं.

आयोगाचं दुहेरी काम मात्र आणखी बारा वर्षं चाललं. 1975 च्या जानेवारीत तो मोडून सुरक्षेवर देखरेख करणारी वेगळी संस्था उभी राहिली. आपल्याकडे पालघर जिल्ह्यात तारापूरच्या अणुभट्ट्यांतून 1969 पासून वीज मिळू लागली, आणि सुरक्षा बघणारं अणुऊर्जा नियामक मंडळ आलं 1983 साली. तेही अणुऊर्जा आयोगाच्याच हाताखाली. 2012 साली कॅगनं, म्हणजे सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्यांनी, नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. प्रश्न कुणाच्या प्रामाणिकपणाचा नव्हता. वरच्याला नाही म्हणायची मोकळीक किती, हा होता.

त्या दातांचं पुढं काय झालं म्हणाल, तर 1970 साली काम थांबलं आणि उरलेले दात विसरले गेले. 2001 मध्ये सेंट लुईसच्या विद्यापीठाच्या एका जागेत सुमारे 85 हजार दात सापडले. लहान लहान पाकिटं, प्रत्येकासोबत भरलेलं कार्ड. ते ठेवले होते एका जुन्या दारूगोळ्याच्या कोठारात.