पडद्यावरील खेळ : मूळ संहिता आणि तिच्या नकला

व्हिडिओ गेम या खेळप्रकाराचा जो इतिहास सामान्यतः सांगितला जातो, तो संशोधकांचा व कंपन्यांचा इतिहास आहे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या काचेवर टेनिसचा खेळ मांडला. १९६२ मध्ये स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ सिद्ध केला. १९७२ साली राल्फ बेअर यांचा ‘ओडिसी’ हा घरगुती संच व अटारीचा ‘पाँग’ लोकांपुढे आले. पुढे १९७८ चा ‘स्पेस इन्व्हेडर्स’, १९८० चा ‘पॅक-मॅन’, १९८३ साली अमेरिकेतील बाजाराची पडझड आणि त्याच वर्षी जपानात निंटेंडोच्या ‘फॅमिकॉम’ संचाचा उदय. ही वंशावळ खोटी नव्हे. परंतु गोंदियासारख्या जिल्ह्यातील घरांत हा खेळ ज्या रूपाने पोहोचला, त्याचा उलगडा तिच्यावरून होत नाही. तेथे पोहोचली ती बहुधा नक्कल होती, आणि नकलेचा इतिहास हा मुळाच्या इतिहासाहून निराळा असतो, हे हस्तलिखितांच्या अभ्यासकास सांगावयास नको.

या नकलेमागे एक भौतिक कारण आहे. १९७५ साली मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने ६५०२ नावाचा सूक्ष्मप्रक्रियक अवघ्या पंचवीस डॉलरांस विक्रीस काढला. प्रतिस्पर्धी प्रक्रियकांची किंमत त्याच्या कितीतरी पट होती. ॲपल-२ मध्ये तोच बसला, अटारीच्या घरगुती संचात त्याचे लहान भावंड बसले आणि फॅमिकॉममध्ये त्याचाच गाभा घेतलेला प्रक्रियक आला. १९८४ साली भारत सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ ही संगणक-साक्षरतेची योजना सुरू केली, तेव्हा निवडलेला बीबीसी मायक्रो हा संगणकही ६५०२ वरच चालणारा होता. म्हणजे जी योजना गंभीर शिक्षणाची आणि जो संच पोरखेळाचा मानला गेला, त्या दोहोंचे अंतरंग एकच होते! पुढे फॅमिकॉमचे सर्व मंडल एकाच चकतीत उतरविणे शक्य झाले आणि नक्कल करणे विलक्षण स्वस्त झाले. ज्या दशकाच्या अखेरीस, १ मे १९९९ रोजी, भंडाऱ्यापासून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला, त्याच दशकात असे संच भारतभरच्या बाजारांतून विकले जात होते. मुंबई–हावडा लोहमार्गावरील जंक्शनाच्या गावास दूरचा माल नवीन नव्हता.

या संचांबरोबर येणारी ‘कॅसेट’ (वस्तुतः तिच्यात फीत नसे, तरी सर्वत्र हाच शब्द रूढ झाला) हा पाठचिकित्सेच्या दृष्टीने मोठा मनोरंजक ऐवज आहे. तिच्यावर ‘९९९९ इन १’ अशी भरघोस संख्या छापलेली असे. प्रत्यक्षात खेळ मोजकेच, आणि तेच पुनःपुन्हा, कधी मधल्याच टप्प्यापासून सुरू होणारे. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा सबंध खेळ अवघ्या चाळीस किलोबाइटांत मावतो. एका चकतीत असे अनेक खेळ कोंबणे अवघड नव्हते. नकलकाराने पुष्कळदा शीर्षकपट कापले, निर्मात्याचे नाव पुसले, खेळाचे नाव बदलले. ग्रंथकर्त्याची मुद्रा गाळणारे लेखक जुन्या पोथ्यांच्या व्यवहारातही आढळतात. ज्ञानेश्वरीतील अपपाठ पाहून एकनाथांनी १५८४ साली शुद्ध प्रत सिद्ध केली. या खेळांच्या बाबतीत परिस्थिती उलटी आहे: मूळ प्रती जगभरच्या हौशी संग्राहकांनी कसोशीने जपल्या आहेत. मात्र आपल्याकडील एका पिढीने अनुभवला तो अपपाठच, आणि म्हणून सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने प्रमाण मानावयाचा तो अपपाठच होय.

भाषेच्या अंगाने पाहता आणखी एक गोष्ट दृष्टोत्पत्तीस येते. बुद्धिबळात वा सोंगट्यांच्या पटावर ‘माझा घोडा मेला’, ‘सोंगटी मेली’ असे म्हणतात. मरण मोहऱ्याचे असते, खेळाडूचे नव्हे. पडद्यावर मारिओ खड्ड्यात पडताच मूल म्हणते, ‘मी मेलो’. हे व्याकरण पटाचे नसून मैदानाचे आहे. कबड्डीच्या संजीवनी प्रकारात बाद झालेला गडी प्रतिपक्षाचा गडी बाद होताच पुन्हा जिवंत होतो. गामिनी प्रकारात तो परतत नाही. मरण्याची आणि परतण्याची ही कल्पना मराठी मुलांच्या अंगवळणी आधीच होती. त्यामुळे ‘तीन लाइफ’ ही योजना त्यांना समजावून द्यावी लागली नाही. ‘एक जीव उरला’ हे वाक्य सहज तयार झाले. तथापि या तीन जिवांचा उगम मैदानात नाही, तो गल्ल्यात आहे. सार्वजनिक यंत्रावरील खेळ लवकर संपला तरच पुढचे नाणे पडे. म्हणून जीव मोजून दिलेले, आणि क्रमाने वाढणारी काठिण्यपातळी. घरच्या संचास नाणे टाकण्याची फट नव्हती, तरीही नाण्याचा हिशेब त्यात जसाच्या तसा उतरला.

दुसरा हिशेब विजेचा. ‘सुपर मारिओ’मध्ये आठ प्रदेश व बत्तीस टप्पे आहेत आणि प्रगती साठवून ठेवण्याची कोणतीही सोय नाही. ‘भारनियमन’ हा शब्द ज्या काळात खेड्यापाड्यांच्या रोजच्या बोलण्यात रुळला, त्या काळात वीज जाणे म्हणजे पहिल्या टप्प्यावर परत येणे. याचा परिणाम असा की प्रारंभीचे टप्पे मुलांना मुखोद्गत झाले. कोणत्या विटेखाली काय आहे हे डोळे मिटून सांगता येई. छुप्या वाटांचे व कळांच्या क्रमांचे ज्ञान पुस्तकातून नव्हे, तर थोरल्याकडून धाकट्याकडे तोंडी गेले. पाठांतराची ही परंपरा कोणी हेतुपुरस्सर घडविली नव्हती, एवढाच तिचा दोष मानावयाचा असेल तर मानावा.

प्रभावाचा विचार करताना केवळ स्मरणरंजनावर थांबणे योग्य नाही. १९८९ साली जॉर्डन मेकनर यांनी रचलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ, त्यातील पात्राच्या हालचाली लेखकाच्या भावाच्या चित्रफितींवरून रेखाटलेल्या, भारतीय शाळांच्या संगणक-कक्षांत फार खेळला गेला. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी’ प्रसिद्ध केला. हरवलेल्या भावाच्या शोधात निघालेली मुलगी, भिंतींवरून धावणे, खांबांवर चढणे आणि पहाडी चित्रशैलीची पार्श्वभूमी. त्यातील उड्या आणि भिंती पाहिल्या की राजपुत्राच्या घराण्याशी असलेले नाते लपत नाही. येथे मात्र नकलकाराची जागा रचनाकाराने घेतली आहे.

दरम्यान जुन्या कॅसेटी भंगारात जात आहेत. ज्या अद्याप माळ्यावर असतील, त्यांच्यावरील चिठ्ठी, आतील खेळांचा अनुक्रम, बदललेली नावे आणि त्या त्या घरात त्या खेळांना दिलेली मराठी, हिंदी, पोवारी वा झाडीबोलीतील नावे, एवढ्या चार गोष्टी जरी नोंदविल्या, तरी पाठभेदांच्या कोष्टकास आरंभ होईल.