टाकळीनंतरची बारा वर्षं

आमच्या पंचवटीत समर्थांचा विषय निघाला की गोष्ट टाकळीलाच थांबते. जांबचा नारायण ठोसर, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, बोहल्यावरून पळाला, 1620 च्या सुमारास इथे आला, नंदिनी म्हणजे आपली नासर्डी गोदावरीला मिळते तिथे कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्यानं तेरा अक्षरी राममंत्राचा 13 कोटी जप केला. दुपारी तो पंचवटीत माधुकरी मागे. पाण्यात उभा राहिलेला मुलगा सगळ्यांना ठाऊक असतो. 1632 मध्ये तो पाण्यातून बाहेर येऊन चालू लागला आणि पुढची बारा वर्षं चालत राहिला, याबद्दल मात्र आम्ही फार कमी बोलतो. मला ते खटकतं, कारण समर्थ घडले ते त्या वाटेवर.

तो निघाला तेव्हा दख्खनवरून 1630 ते 1632 चा दुष्काळ नुकताच गेला होता. गावं ओस पडली होती, गुरं मेली होती, त्यात फौजांची ये-जा. परंपरा सांगते की काशी, अयोध्या, बद्रीकेदार, जगन्नाथपुरी, रामेश्वर असा सगळा देश त्यांनी पायी पाहिला. कोणत्या गावी किती दिवस राहिले याच्या बखरींतल्या हकिकतींवर मी फारशी विसंबत नाही. त्या पुष्कळ नंतर लिहिल्या गेल्या. पण त्यांच्या ‘अस्मानी सुलतानी’ या प्रकरणात उपाशी माणसं आणि उजाड मुलूख दिसतो, तो घरात बसून दिसणारा नव्हे.

चालणाऱ्याला रोज कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागतं. समर्थांच्या दासबोधात भिक्षेवर वेगळा समास आहे. कुणी भरपूर आणून दिलं तरी त्यातलं मूठभरच घ्यावं, असं ते सांगतात. आणि भिक्षेच्या निमित्तानं लहानथोर माणसं पारखून ठेवावीत, हेही. माझ्या माहेरी रामदासी यायचे. ‘जय जय रघुवीर समर्थ’ ऐकू आलं की आई सुपातून तांदूळ घेऊन जायची. झोळीत एक मूठ पडली की त्यांचा हात झोळीच्या तोंडावर आडवा यायचा आणि बाकीचे तांदूळ सुपातच राहायचे. समास वाचला तो बऱ्याच वर्षांनी, पण आडवा येणारा तो हात मला लगेच ओळखू आला.

 

1644 मध्ये चालणं संपवून समर्थ कृष्णाकाठी गेले. त्यानंतरच्या दहाएक वर्षांत शहापूर, मसूर, चाफळ, उंब्रज, शिराळा अशा गावांत अकरा मारुती बसले. पुढे तंजावरपर्यंत मठ झाले. टाकळीचा मठ त्यांचे शिष्य उद्धवस्वामी यांच्याकडे राहिला. महंतानं एका जागी रुतून बसू नये, हिंडत राहावं, ही शिकवण त्यांनी शिष्यांना दिली आणि शिष्यांनी ती पाळली. सुमारे अडीच शतकांनी धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव मठामठांतून हिंडून रामदासी बाडं गोळा करू लागले, तेव्हा ती त्यांना एका गावात नव्हे, मुलूखभर विखुरलेली सापडली.