बंद पडलेली होडी ओढून आणणे (वसई किनारा)

खोल समुद्रात इंजिन बंद पडलेली किंवा पंख्यात जाळे अडकलेली होडी दुसऱ्या होडीने दोराने ओढत बंदरात आणणे. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर व नायगावच्या कोळी मच्छीमारांत हे काम प्रामुख्याने शेजारधर्म म्हणून केले जाते.

वादळी लाटांत बंद होडीला थेट भिडणे धोक्याचे. म्हणून तांडेल (होडीचा प्रमुख) वाऱ्याचा अंदाज घेऊन अंतर राखतो आणि खलाशी आधी बारीक दोरी फेकतात. तिच्यामागून जाड दोर खेचून बंद होडीच्या नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) मजबूत खुंटाला बांधतात. दोर भरपूर लांब सोडतात. मध्ये नांगर वा साखळीचे वजन असल्यास दोर पाण्यात झोळ खातो आणि लाटेचा हिसका गिळतो. दोन्ही होड्या एकाच वेळी लाटेच्या माथ्यावर याव्यात, इतपत लांबी जुळवतात. तुटलेला दोर चाबकासारखा उलटतो, त्यामुळे त्याच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही, हा नियम जिवाचा आहे.

खरी कसोटी खाडीच्या मुखाशी. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणेचे मुख. दोन्हीकडे वाळूचे दांडे. ओहोटीत तिथे लाटा फुटतात, म्हणून भरतीची वाट पाहून, दोर आखडून आत शिरतात.

मे 2021 च्या तौक्ते चक्रीवादळात भरकटलेला ‘गाल कन्स्ट्रक्टर’ तराफा पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याजवळ रुतला. ‘वॉटर लिली’ ही ओढनौका धाडली गेली; मात्र तराफ्यावरच्या 137 जणांची सुटका हेलिकॉप्टरने झाली. आधी माणसे, मग होडी. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554.